दोन मिस्ड कॉल

पहिला कॉल रात्री १०.४८ ला आला होता, दुसरा १०.५३ ला. मी दोन्ही घेतले नाहीत. शुक्रवार, १६ ऑगस्ट २०२४. आमच्या टीमचं सॉफ्टवेअर रिलीज शुक्रवारी रात्रीच असतं, त्यामुळे फोन सायलेंटवर टाकून स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवला होता आणि मी वरच्या खोलीत हेडफोन लावून बसले होते. ११.१० ला सासूबाई जिना चढून वर आल्या. "अगं, तुझा फोन केव्हाचा थरथरतोय."

पलीकडे पोलीस अधिकारी होता. मुलगा सुखरूप आहे, हे त्याने पहिल्याच वाक्यात सांगितलं, आणि त्याबद्दल मी आजही त्याची ऋणी आहे. मग म्हणाला, "कर्फ्यूचं उल्लंघन झालंय. तुम्ही येऊन त्याला घेऊन जा."

कर्फ्यू म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर आलं ते १४४ कलम आणि बंद बाजारपेठ. न्यू जर्सीत बारा वर्षं राहून आमच्या गावात मुलांसाठी रात्रीचा कर्फ्यू आहे, हे मला माहीत नव्हतं. १९९२ च्या राज्य कायद्याने इथल्या गावांना तो अधिकार दिला आहे. १८ वर्षांखालच्या मुलाने रात्री १० ते सकाळी ६ या वेळात आईवडिलांशिवाय सार्वजनिक जागी असायचं नाही. आणि नुसतं मुलावर थांबत नाही. जाणूनबुजून मुलाला बाहेर राहू देणारे आईवडीलही त्यात येतात. कम्युनिटी सर्व्हिस होऊ शकते, शिवाय १,००० डॉलरपर्यंत दंड. कायद्यात एक वाक्य असं आहे की मुलगा आणि पालक दोघंही दोषी ठरले, तर त्यांनी ती सेवा एकत्र करायची. हे सगळं मी नंतर वाचलं. त्या रात्री गाडी काढताना फक्त हात थरथरत होते. नवरा ऑफिसच्या कामाने शार्लटला होता, त्याला फोन करायचंही सुचलं नाही.

पोलीस स्टेशनात लेक एका लांब बाकावर बसला होता. पंधरा वर्षांचा, माझ्यापेक्षा वीतभर उंच, पण त्या बाकावर लहान दिसत होता. ढोलाच्या सरावातून आलेला, त्यामुळे डाव्या हाताच्या बोटांना पांढऱ्या पट्ट्या गुंडाळलेल्या. काउंटरवर त्याच्या वस्तूंचं पाकीट होतं. फोन, घराची किल्ली, अकरा डॉलर आणि त्याचं टिपरू. यादीत टिपरूच्या जागी अधिकाऱ्याने लिहिलं होतं 'लाकडी काठी'. ते वाचून माझ्या पोटात खड्डा पडला. मुलगा काय घेऊन फिरत होता, असं उद्या कुणी विचारलं तर कागदावर 'काठी' होती. मी अधिकाऱ्याला सांगितलं, हे ढोल वाजवायचं आहे, ७ सप्टेंबरला आमचे गणपती बसतात, त्याच्या मिरवणुकीचा सराव चालू आहे. त्याने शांतपणे ऐकलं आणि पुढे लिहिलं, 'वाद्य वाजवण्यासाठी'. तेवढे दोन शब्द वाढवायला तो तयार झाला, हे मी मुद्दाम नोंदवते.

घडलं होतं ते एवढंच. देवळाच्या पार्किंगमधला सराव आवाजाच्या नियमामुळे ९ वाजता संपतो. ९.१५ ला लेकाने फोन केला, "आई, आम्ही चौघं डोनटच्या दुकानात बसतोय थोडा वेळ, मग चालत येतो." दुकान आमच्या घरापासून बारा मिनिटांवर. मी म्हटलं, "बरं, ये सावकाश, मी कामात आहे." दुकान १० ला बंद झालं. मुलं बाहेर पार्किंगमध्ये कठड्यावर बसून बोलत राहिली. कुणी भांडलं नाही, काही फोडलं नाही, सिगारेट ओढली नाही. पावणेअकराला गस्तीची गाडी आली.

चौघांपैकी दोन भाऊ. त्यांच्या वडिलांनी पहिल्या रिंगला फोन उचलला आणि पाच मिनिटांत पार्किंगमध्ये हजर झाले. त्यांना तोंडी समज देऊन सोडून दिलं. राहिले दोघं, ज्यांच्या आयांनी फोन उचलला नाही. एक माझा लेक. दुसरा त्याच्या शाळेच्या बँडमधला मित्र, चौदा वर्षांचा, इक्वेडोरहून आलेल्या घरातला. तो शाळेत स्नेअर ड्रम वाजवतो, त्यामुळे ताशा त्याने दोन आठवड्यांत उचलला होता. पथकातली मोठी माणसंसुद्धा त्याची ताशावरची तर्री, म्हणजे काड्यांचा तो सलग कडकडाट, ऐकायला थांबायची.

चौघांचं वागणं एकच, वेळ एकच, जागा एकच. फरक पडला तो कुणाच्या घरी फोन उचलला गेला यावरून. मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत जास्त लागलं ते हे, आणि अजून लागतं.

मला लेकाला लगेच नेता आलं असतं. पण तो उठेना. "तिची आई येईपर्यंत थांबू या का?" तो 'त्याची' ऐवजी 'तिची' म्हणाला, इथे वाढलेली पोरं मराठीत लिंगाचा असा गोंधळ करतात आणि घाबरल्यावर तर हमखास. मी थांबले. ती बाई १२.४० ला आली. निळा स्क्रबचा गणवेश, गळ्यात ओळखपत्र, पायात पांढरे बूट. नर्सिंग होममध्ये संध्याकाळी ७ ते सकाळी ७ अशी तिची पाळी. कामावर फोन लॉकरमध्ये ठेवावा लागतो. निरोप मिळाला तरी बदली माणूस आल्याशिवाय मजला सोडता येत नाही, कारण त्या मजल्यावर अंथरुणाला खिळलेली म्हातारी माणसं असतात. तिने आत येऊन आधी मुलाचं तोंड दोन्ही हातांत धरून बघितलं, मग अधिकाऱ्याकडे वळली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना सासूबाईंनी विचारलं, "पण त्याने केलं काय?"

"बाहेर होता, आई."

"ते कळलं. पण केलं काय?"

मला उत्तर देता येईना. सासूबाई मे महिन्यात पुण्याहून आल्या होत्या, आणि कल्याणीनगरचा अपघात तेव्हा रोज टीव्हीवर होता. १९ मेच्या पहाटे सतरा वर्षांच्या मुलाने भरधाव पोर्शे चालवली, दोन तरुण इंजिनिअर गेले, मुलाला तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगून जामीन मिळाला म्हणून सगळा महाराष्ट्र पेटला होता, वडिलांना अटक झाली होती. सासूबाई म्हणाल्या, "तिथे बापाला जाब विचारला ते योग्यच. पोराच्या हातात गाडी गेलीच कशी? इथे तुझ्या हातून काय गेलं?" आपल्याकडे २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात १९९ अ हे कलम आलं. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड. तिथे निदान मुलाच्या हातून काहीतरी घडलेलं असतं. कर्फ्यूत मात्र मुलाचं असणं हाच गुन्हा. सासूबाईंच्या त्या साध्या प्रश्नाने मला पुढचे तीन महिने सोडलं नाही.

आमच्या हाती दोन वेगवेगळे कागद आले. लेकाचं प्रकरण कोर्टात गेलं नाही. न्यू जर्सीत किरकोळ बाबतीत 'स्टेशनहाऊस अ‍ॅडजस्टमेंट' करता येते. म्हणजे पोलीस, मूल आणि पालक बसून एक लेखी करार करतात, मूल ठरलेलं काम करतं आणि तक्रार कोर्टात दाखल होत नाही. मुलांची प्रकरणं बघणाऱ्या ज्युव्हेनाइल अधिकारी बाई समंजस होत्या. त्यांनी प्रश्न मला न विचारता लेकाला विचारले. त्याची झोप, शाळा, मित्र, घरी काही त्रास आहे का. शेवटचा प्रश्न विचारताना मला बाहेर बसायला सांगितलं. काचेपलीकडे तो मान हलवताना दिसत होता. आपल्या मुलाला परकं माणूस 'घरी तुला भीती वाटते का' असं विचारतंय आणि आपण बाहेर खुर्चीवर आहोत, ती दहा मिनिटं कोणत्याही आईला जड जातील. तरी तो प्रश्न विचारायलाच हवा, असं मी आजही म्हणेन.

माझा कागद होता म्युनिसिपल कोर्टाचं समन्स.

आता आमच्या घरात खरी झोप उडाली. आम्ही २०१४ पासून ग्रीन कार्डाच्या रांगेत. त्या अर्जात स्पष्ट प्रश्न आहे की तुम्हाला कधी अटक झाली आहे का, समन्स मिळालं आहे का, ताब्यात घेतलं होतं का. नवऱ्याने रात्री दोन वाजता तो फॉर्म उघडून त्या ओळीवर बोट ठेवलं. इमिग्रेशन वकिलाने धीर दिला. गावच्या नियमाचं असं उल्लंघन म्हणजे आभाळ कोसळलं असं नाही, पण लपवू नका, आणि निकालाची प्रमाणित प्रत काढून जन्मभर जपून ठेवा. ती प्रत आज पासपोर्टच्या फाइलमध्ये आहे.

सल्ले भरपूर मिळाले. एका ओळखीच्या गृहस्थांनी तर सुटकेची किल्लीच दिली. कायद्यात अपवाद आहेत. मूल कामावरून येत असेल, वैद्यकीय अडचण असेल, शाळेच्या, धार्मिक किंवा सांस्कृतिक कार्यक्रमाला गेलं असेल, तर कर्फ्यू लागू होत नाही. "ढोलाचा सराव म्हणजे सांस्कृतिक कार्यक्रम. तिथून परत येत होता म्हणा, विषय संपला." खरं सांगते, मी दोन दिवस तेच बोलायचं ठरवलं होतं. लेकाला सांगितलं तेव्हा तो ताटातली भाजी चिवडत राहिला. मग म्हणाला, "पण सराव नऊला संपला होता ना, आई." त्याला पुढे काही बोलावं लागलं नाही.

त्याने मात्र स्वतःहून वाचायला सुरुवात केली. शाळेत नागरिकशास्त्र चालू होतं, त्यात त्याला हा विषय सापडला. नेब्रास्कातल्या ओमाहा शहराने १८८० मध्ये मुलांसाठी असा कर्फ्यू लावला होता, म्हणजे ही गोष्ट काही नवी नाही. १९९६ मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी कर्फ्यूचा जाहीर पुरस्कार केला आणि शहरांनी ते उचलून धरलं. सॅन डिएगोचा कर्फ्यू १९९७ मध्ये अपील न्यायालयाने रद्द केला, तर दोनच वर्षांनी राजधानी वॉशिंग्टनचा कर्फ्यू दुसऱ्या न्यायालयाने कायम ठेवला. इथे न्यू जर्सीत वेस्ट न्यूयॉर्क नावाचं गाव आहे, त्याचा नियम संदिग्ध आहे म्हणून २००१ मध्ये कोर्टाने मोडीत काढला. टेक्सासने तर २०२३ मध्ये गावांना असे कर्फ्यू लावायला बंदीच केली. एका रात्री तो माझ्या खोलीत आला आणि म्हणाला, "सॅन डिएगोच्या केसमध्ये आईवडिलांचाही हक्क मानलाय. मूल कसं वाढवायचं, ते ठरवायचा. म्हणजे तू मला बाहेर थांबू दिलंस, तो तुझा निर्णय होता." मी त्याच्याकडे बघत राहिले. निर्णय? मी तर स्क्रीनवरून नजर न हलवता 'बरं' म्हटलं होतं.

ऑक्टोबरमध्ये तारीख लागली. म्युनिसिपल कोर्ट म्हणजे ग्रंथालयाशेजारचा एक दिवाणखान्याएवढा हॉल. बाकांवर वेगात गाडी चालवलेले, कुत्र्याचा परवाना न काढलेले, कुंपण जास्त उंच बांधलेले असे सगळे. न्यायाधीशांनी सुरुवातीला सगळ्यांना मिळून हक्क वाचून दाखवले. पुढच्या रांगेत ती इक्वेडोरची आई बसली होती, रात्रपाळी करून, शेजारी कोर्टाने दिलेली दुभाषी. न्यू जर्सीच्या कोर्टात दुभाषा मोफत मिळतो, ही चांगली सोय आहे.

आधी प्रॉसिक्यूटरशी, म्हणजे सरकारी वकिलांशी, बोलायचं असतं. त्यांनी कागद चाळले आणि स्वतःहून विचारलं, "काठी वाद्याची आहे असं इथे लिहिलंय. मुलगा सांस्कृतिक कार्यक्रमातून येत होता का?" दार उघडं होतं. मी म्हटलं, "कार्यक्रम नऊला संपला. नंतर तो मित्रांबरोबर बसला होता. मला त्याने विचारलं होतं आणि मी हो म्हटलं होतं." त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "म्हणजे तुम्हाला माहीत होतं." हो. मला माहीत होतं. तो कुठे आहे, कुणाबरोबर आहे, किती अंतरावर आहे, सगळं माहीत होतं. कायद्याच्या भाषेत 'जाणूनबुजून' हा माझा दोष होता; आई म्हणून माझ्याकडे बऱ्यापैकी माहिती होती एवढाच त्या शब्दाचा अर्थ होता. माझी चूक कायदा म्हणतो तिथे नव्हती. ती फोन सायलेंटवर टाकण्यात होती, आणि तिच्यासाठी कोणतंही कलम नाही.

निकाल दोन मिनिटांत लागला. मुलासोबत दहा तास कम्युनिटी सर्व्हिस आणि ३३ डॉलर कोर्टखर्च. त्या आईलाही तेवढंच. न्यायाधीशांनी तिला विचारलं, मूल रात्री एकटं असताना लक्ष कोण ठेवतं? दुभाषीने उत्तर इंग्रजीत सांगितलं, "मी रात्री इतरांच्या आईवडिलांवर लक्ष ठेवते." हॉलमध्ये कुणीच हललं नाही. न्यायाधीश थोडा वेळ कागदाकडे बघत राहिले आणि मग तारीख लिहून घ्यायला सांगितली.

घरी येऊन मी तो नियम पुन्हा शब्दन् शब्द वाचला. मूल नोकरीवरून येत असेल तर अपवाद आहे. मुलाच्या आईची नोकरी रात्रीची असेल तर नाही. रात्री दहाला घरी असणारे, फोन जवळ असणारे, गाडी असणारे, पाच मिनिटांत पोचणारे पालक डोळ्यांसमोर ठेवून हा नियम लिहिलाय. आमच्या काउंटीत हायवेच्या दोन्ही बाजूंना मैलोन् मैल गोदामं आहेत, आणि त्यातली कित्येक रात्रभर चालू असतात. तिथे काम करणाऱ्यांची मुलं रात्री कुठे असावीत, याचं उत्तर नियमात नाही.

नोव्हेंबरच्या तीन शनिवारी आम्ही गावच्या बागेत पानं गोळा केली. सकाळी ८ ला हजेरी. ती आई नर्सिंग होममधून थेट यायची, स्क्रबवर जाड कोट चढवून. पहिल्या शनिवारी मी तिच्यासाठी थर्मासमध्ये आल्याचा चहा नेला. तिला तो खूप तिखट लागला, तरी संपवला. ओली पानं जड असतात, फावड्याने ढीग करून मोठ्या कागदी पिशव्यांत दाबून भरावी लागतात. मुलं एका टोकाला, आम्ही दुसऱ्या. दोघांनी रेकच्या दांड्यावर ठेका धरला होता, माझा लेक ढोलाचा आणि तो ताशाचा. गणपतीत दोघांनीही वाजवलं होतं. मिरवणुकीच्या दिवशी त्याची आई पाळीवर होती, व्हिडिओही तिने पाहिला नव्हता. तिथे बागेत, हातमोजे काढून, माझ्या फोनवर तिने तो तीनदा पाहिला. मुलाच्या डोक्याला फेटा बघून तिने स्पॅनिशमध्ये काहीतरी विचारलं, मुलाने लाजून उत्तर दिलं.

'एकत्र' हा शब्द कायद्यात शिक्षा म्हणून घातलाय. आम्हा दोघींना तो कामाला आला, एवढं खरं. तिसऱ्या शनिवारी ठरलं की यापुढे सरावाला दोन्ही मुलांना मी आणायचं आणि सोडायचं. माझा नंबर तिने नर्सिंग होमच्या काउंटरवर आपत्कालीन संपर्क म्हणून लिहून दिला. मी शुक्रवारी रात्री फोन आता कीबोर्डशेजारी ठेवते, आवाज चालू ठेवून.

डिसेंबरच्या टाऊनशिप कौन्सिलच्या बैठकीला मी गेले. राज्याच्या कायद्याने प्रत्येक बैठकीत नागरिकांना बोलायला वेळ ठेवावाच लागतो. आमच्याकडे तीन मिनिटं मिळतात. बैठक ७ ला, आणि तिची पाळीही ७ ला. म्हणून तिने आपलं म्हणणं एका वहीच्या पानावर लिहून दिलं होतं, मुलाने त्याचं इंग्रजी केलं होतं. मी माझं आधी बोलले. पहिल्या वेळी फक्त समज द्या, पालकाने फोन उचलला असो वा नसो. रात्रपाळीच्या पालकांसाठी नियमात अपवाद घाला. कॅम्पबेल कोलॅबोरेशन या संशोधन संस्थेने २०१६ मध्ये कर्फ्यूवरचे बारा अभ्यास एकत्र तपासले, त्यात गुन्हे कमी झाल्याचं दिसलं नाही, हेही वाचलं. मग तिचं पान वाचायला घेतलं आणि वेळ संपत आल्याचा पिवळा दिवा लागला. मागून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. तो चौदा वर्षांचा मुलगा उठून नाव नोंदवायच्या यादीपाशी गेला, स्वतःचं नाव लिहिलं आणि माझ्या हातातलं पान घेतलं. उरलेलं त्याने वाचलं, सावकाश, त्याच्या तीन मिनिटांत.

महापौरांनी आभार मानले आणि विषय टाऊनशिपच्या वकिलांकडे पाठवला. त्यांचं उत्तर अजून आलेलं नाही. जानेवारीच्या बैठकीलाही मी नाव नोंदवलं आहे.

बैठक संपली तेव्हा ९.३५ झाले होते. दोन्ही मुलं मागच्या सीटवर बसली. त्याचं घर रेल्वेरुळांपलीकडे, दुसऱ्या मजल्यावर. फाटक पडलं होतं, मालगाडी लांबच लांब जात होती, आणि आम्ही तिघंही काही न बोलता डॅशबोर्डवरच्या घड्याळाकडे बघत होतो. ९.५२ ला तो उतरला. वरच्या खिडकीत दिवा लागेपर्यंत मी गाडी चालूच ठेवली, मग त्याच्या आईच्या कामाच्या ठिकाणी फोन केला आणि तो घरी पोचल्याचा निरोप ठेवला.